चोरीला न गेलेला कॅमेरा

शैला पगारेने तो कॅमेरा ओळखला तो त्याच्या पाठीवरच्या मरून ठिगळावरून.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तिच्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीच्या घरचं लग्न होतं, मालेगावला. पंगत उठली, नाशिकला परतणारी गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून शैला पाय मोकळे करायला मोसम पुलाच्या बाजूला निघाली. रस्त्यावर सायकली, रिक्षा, सुताची गाठोडी लादलेले टेम्पो यांची झुंबड होती. तिथेच एक जुना फोटो स्टुडिओ मोडीत काढायला घेतलेला दिसला. मालकाने पायऱ्यांवर सामान मांडलं होतं: स्टँड, छत्र्या, रंग उडालेला ताजमहालाचा पडदा, फ्लॅशगन आणि एका ताटात काही बंद पडलेले कॅमेरे.

त्यातला एक तिने उचलला. जपानी बनावटीचा याशिका, जुना रेंजफाइंडर. हातात घेताच त्याचं वजन ओळखीचं वाटलं. उलटा करून पाहिला तर मागच्या झाकणावर काळ्या कातड्याच्या जागी मरून रेक्झिनचा तुकडा. तो तुकडा तिनेच चिकटवला होता, आईच्या फाटक्या पर्समधून कापून, कोपरे कात्रीने गोल करून.

हा कॅमेरा शैलाने चोरला होता. निदान नाशिकच्या एम. जी. रोडवर तेव्हा तसं ठरलं होतं.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सकाळी डिप्लोमाचं कॉलेज, दुपारनंतर त्याच रोडवरचा दिवाकर पाठकांचा स्टुडिओ. पाठकसर म्हणजे शहरातलं मोठं नाव. शैला फिल्म धुवायची, प्रिंट काढायची, लग्नामुंजीत सरांच्या मागे बॅग घेऊन फिरायची. हा कॅमेरा सरांना त्यांच्या सासऱ्यांनी हौसेने दिला होता, पण सरांनी तो कधी मनापासून वापरला नाही. वेड लागलं ते शैलाला; मागचं कातडं निघालं तेव्हा ठिगळही तिनेच लावलं. स्टुडिओ रिकामा असला की ती त्याला डोळा लावून बसायची. मधल्या पिवळसर चौकोनात समोरच्या माणसाच्या दोन आकृत्या दिसायच्या. रिंग फिरवली की एक हळूहळू सरकत दुसरीत मिसळायची आणि नाकडोळे एकदम ठसठशीत व्हायचे.

मग एके दिवशी कॅमेरा कपाटात नव्हता. त्याच सुमारास सासरे नाशिकला आले आणि सहज म्हणाले, "आमचा याशिका दिसत नाही कुठे?" पाठकसरांनी जराही न अडखळता शैलाकडे बोट दाखवलं. "कपाटाची किल्ली हिच्याकडे असते."

पोलिसांत जायची भाषा झाली. शैलाच्या वडिलांना बोलावणं गेलं. वडील नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये कामगार. रोज फाटकावर अंगझडती देऊन बाहेर पडणारा माणूस, ज्याच्या खिशात कधी कागदाचा कपटा सापडला नव्हता. घरात चोरीची केस झाली तर आपलं काय होईल, या धास्तीने ते आले तेच कापत. स्टुडिओतल्या सगळ्यांसमोर ते म्हणाले, "शैला, चूक झाली म्हण."

"बाबा, मी नाही घेतला."

"म्हण, पोरी."

तिने हात जोडले आणि म्हणाली. दारात सरांची बायको नलिनी उभी होती. ती हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "यांना आत घेतलं की असंच व्हायचं." 'यांना' म्हणजे कोणाला ते शैलाला कळलं, तिच्या वडिलांनाही कळलं. त्या दिवसाचा विषय वडिलांनी पुढे कधी काढला नाही, आणि तो न काढताच ते गेले.

शैला शिकली, वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट विभागात इंजिनियर झाली, आईला घेऊन नाशिक रोडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहू लागली. पण एम. जी. रोडवरून जायची वेळ आली की ती रिक्षा दुसऱ्या रस्त्याने घ्यायला लावायची.

आता मालेगावच्या पायरीवर उभी राहून तिने विचारलं, "काका, हा कुठून आला तुमच्याकडे?"

स्टुडिओचा मालक झुंबर अहिरे सत्तरी ओलांडलेला, कानात केसांचे झुपके असलेला गडी होता. "तो नाशिकना शे, ताई. पाठकसायेबना," तो म्हणाला. मग ती नाशिकची आहे हे कळल्यावर तो जपून शहरी मराठीत बोलू लागला. "माझ्याकडे फोटो मोठे करायचा चांगला एनलार्जर होता, त्यांच्या मनात भरला. म्हणाले, हा कॅमेरा घे आणि तो मला दे. स्वतः आले होते. इथंच बसून चहा पिऊन गेले. वर हसून सांगितलं, कुठं बोलू नका, सासऱ्याची वस्तू आहे."

शैलाने पुढचं सगळं त्याला सांगितलं. ऐकता ऐकता झुंबरचा चेहरा लाल झाला. "म्हणजे इतकी वर्षं लोकांच्या लेखी माझ्याकडे चोरीचा माल? मी काय चोर शे का?"

"तुम्ही नाही, काका. मीही नाही."

"मग विचाराले पाहिजे त्याला."

"विचारू. मी बोलावीन तेव्हा याल?"

"चालत येईन," झुंबर म्हणाला आणि कॅमेरा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिला.

घरी सुमनबाईंनी, शैलाच्या आईने, कॅमेरा मांडीवर घेतला आणि रेक्झिनवरून बोट फिरवलं. "माझी पर्स," त्या म्हणाल्या. शैलाला वाटलं, आई आता रडणार. पण सुमनबाईंनी मान वर केली ती वेगळ्याच तोऱ्यात. "जिवंत आहे ना अजून?"

"बंद पडलाय. आतून खराब झालेला दिसतोय."

"कॅमेरा नाही गं. तो पाठक."

"आहे. पुढच्या महिन्यात सत्कार आहे त्याचा. जीवनगौरव. जुन्या फोटोंचं प्रदर्शनही ठेवलंय."

"बरं झालं. मेला असता तर हातचा गेला असता." सुमनबाईंनी कॅमेरा तोलून पाहिला. "चांगला जड आहे. टाक त्याच्या टाळक्यात, भर सभेत."

"आणि मग लोक त्यालाच पाणी देतील, आपल्याला बाहेर काढतील. शिवाय तो म्हणेल, असे कॅमेरे गावात ढिगाने होते. नाही आई, मला त्याचा फोटो काढायचाय. ह्याच कॅमेऱ्याने. हा माझ्या हातात बघून त्याचं तोंड जसं होईल तसं मला कागदावर हवंय. मग त्याने काय नाकारायचं ते नाकारावं."

"पण हा तर बंद आहे म्हणालीस."

"चालू करते."

म्हणायला सोपं होतं. सुट्टीच्या दिवशी खिडकीजवळ टेबल ओढून शैलाने वरचं झाकण उघडलं तेव्हा आत दुर्दशाच होती. बॅटरीच्या कप्प्यात हिरवा थर चढला होता. तो व्हिनेगरने खरवडून काढला. मूळची बॅटरी आता कुठे बनतच नाही, म्हणून घड्याळात घालतात तसले बटणाएवढे सेल एकावर एक रचून, कागदाची सुरळी गुंडाळून, खाली स्प्रिंग दाबून बसवले. झाकणाच्या कडेचा स्पंज विरघळून डांबरासारखा झाला होता. तो काडीने उकरून काढला आणि तिथे काळी लोकर भरली. फिल्म पुढे ओढायचा खटका फिरवला की ह्या कॅमेऱ्यातून 'टक' असा भरीव आवाज येतो. शैलाच्या कानात तो अजून होता. आता नुसतीच मुकी घरघर. आतला रबराचा तुकडा झिजून गेला होता. सुमनबाईंनी खालच्या पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणून दिला. त्यातून नखाएवढी चकती कापून शैलाने बसवली, आणि खटका फिरवताच 'टक' झालं. सुमनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आला का शुद्धीवर?"

शटरने मात्र जीव खाल्ला. पाती तेलाने एकमेकांना चिकटली होती. लायटरच्या पेट्रोलचे थेंब सोडून ती सुटी केली की दिवसभर चालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गपगार. शैला प्रत्येक स्क्रू पाठकांचं नाव घेऊन फिरवत होती. पिळताना त्यांचा कान पिळल्यासारखं वाटायचं, आणि त्या वाटण्यात तिला सुख होतं, हे ती स्वतःपासून लपवत नव्हती. ऑफिसात रीडिंग घेताना, जेवताना, आंघोळ करताना ती तो क्षण मनात रंगवायची. कधी पाठक गयावया करायचे, कधी खुर्चीत कोसळायचे. अशाच तंद्रीत एकदा तिच्या हातून केसासारखी बारीक तार तुटली. तिने पेचकस भिंतीवर फेकून मारला.

सुमनबाईंनी तो उचलून परत टेबलावर ठेवला. "उद्या जोड. तो कुठं पळून जात नाही. सत्काराचं आमंत्रण आहे त्याला."

तार जोडली गेली, पातीही अखेर मोकळी चालू लागली. बटण अर्धं दाबलं की पेटणारे वरचे इवलेसे दिवे, लाल आणि पिवळा, दोन्ही लागले. उरला रेंजफाइंडर. पिवळा चौकोन फिका पडला होता आणि त्यातल्या दोन आकृत्या काही केल्या एकमेकींत मिसळत नव्हत्या. काचा पुसून ती कॅमेरा घेऊन गच्चीवर गेली. तिथून एकलहऱ्याच्या वीज केंद्राची चिमणी दिसते. लांबचा नेम लावायला तीच बरी. चौकोनात दोन चिमण्या होत्या. आतला स्क्रू थोडा थोडा पिळत शैलाने त्यांची एक चिमणी केली. जवळच्यासाठी आईला पायरीवर बसवून एक रोल काढला आणि बाथरूममध्ये अंधार करून धुतला. हात काही विसरले नव्हते. फोटो आले, फक्त जवळून काढलेले किंचित मागच्या बाजूला स्पष्ट येत होते. आईचं नाक धूसर आणि मागचं दार लख्ख. तिने स्क्रू पुन्हा हलवला. पण दुसरा रोल काढून पाहायला सवड उरली नाही. सत्कार दुसऱ्या दिवशी सकाळीच होता.

गंगापूर रोडवरचा हॉल भरला होता. झुंबर पहिल्या एसटीने आला होता, इस्त्रीची टोपी घालून. सुमनबाई ठेवणीतलं निळं पातळ नेसून दुसऱ्या रांगेत बसल्या. भाषणं झाली, पाठकांच्या खांद्यावर शाल पडली, लोक मोबाइल घेऊन त्यांच्याभोवती गोळा झाले. नलिनी त्यांच्या मागे जरा बाजूला उभी होती, कोणी दिलेला गुच्छ सांभाळत.

शैला पुढे गेली. पाठकांनी तिला ओळखलं नाही.

"सर, एक फोटो. फिल्मवर काढते."

"वा!" पाठक खूश झाले. "हल्ली फिल्म कोण वापरतं? कुठला कॅमेरा तुमचा?"

"माझा नाही, तुमचाच आहे," शैला म्हणाली आणि तिने कॅमेऱ्याची पाठ त्यांच्यासमोर धरली.

पाठकांचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. त्यांनी मरून ठिगळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि आता ओळखलं. शैलाने कॅमेरा डोळ्याला लावला. पिवळ्या चौकोनात दोन पाठक होते. ती रिंग फिरवू लागली.

तेवढ्यात झुंबर गर्दीतून पुढे घुसला. त्याचा आवाज मुळातच मोठा. "रामराम, पाठकसाहेब! ओळखलं का? मालेगावचा झुंबर! एनलार्जर चालतो ना अजून?"

"कोण? नाही, मला काही..."

"कुठला एनलार्जर?" नलिनीने मागून विचारलं.

"मोठा काळा, वहिनी. ह्याच कॅमेऱ्यावर दिला मी साहेबांना. माझ्या पायरीवर बसून अदलाबदल केली आम्ही."

नलिनी कॅमेऱ्याकडे पाहत राहिली. "हा बाबांचा आहे. हा तर चोरीला गेला होता."

"गेला नव्हता," सुमनबाई उभ्या राहून म्हणाल्या. बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. "तुमच्या मालकांनी दिला होता. आणि चोर माझ्या लेकीला केलं. तिच्या बापाला तुमच्या दारात उभं करून."

सगळे मोबाइल खाली आले. नाकारायला पाठकांना वाव होता. हा म्हातारा कोण, ही बाई कोण, असं म्हणून ते मोकळे झाले असते. पण त्यांनी मागे न वळताच बायकोला म्हटलं, "नलू, घरी गेल्यावर सांगतो सगळं."

दोन पाठकांचा एक पाठक झाला. शैलाने बटण दाबलं. मग खटका फिरवला. टक.

संयोजकांनी घाईघाईने चहाची घोषणा केली. तिघं बाहेर पडली आणि समोरच्याच हॉटेलात मिसळ खायला बसली. झुंबरने रस्सा दोनदा मागून घेतला. गेला महिनाभर हा क्षण मनात घोळवताना शैलाला वाटायचं, नंतर आपल्याला कसंतरीच वाटेल. तसं काही झालं नाही. मिसळ झणझणीत होती आणि तिला सडकून भूक लागली होती.

फिल्म धुतल्यावर मात्र ती चिडली. निगेटिव्ह उजेडात धरताच तिच्या लक्षात आलं. शेवटी हलवलेला स्क्रू पुरेसा हलला नव्हता. पाठक धूसर आले होते. शाल, चष्मा, तोंडाच्या जागी राखाडी डाग. आणि त्यांच्या मागे नलिनी, पापणीन्‌पापणी मोजता येईल इतकी स्पष्ट. हातातला गुच्छ कलंडलेला, नजर नवऱ्याच्या मानेवर.

"सगळं फुकट गेलं," शैला म्हणाली. "एवढं करून तोच नाही आला."

सुमनबाईंनी प्रिंट खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ पाहिली. "हाच पाठव त्यांच्या घरी. त्याचं तोंड काय, उद्या पुन्हा पहिल्यासारखं होईल. हिला जे कळलंय ते कधी पुसलं जायचं नाही. आणि त्याला हिच्याच घरात राहायचंय."

शैलाने प्रिंट पाठवली. सोबत एक अक्षर लिहिलं नाही.

गावात उलथापालथ वगैरे काही झाली नाही. शाल कोणी परत मागितली नाही. पण सत्काराला आलेले फोटोग्राफर काही मुके नव्हते. पाठकांच्या मागे सगळे त्यांना 'एनलार्जर' म्हणू लागले. आधी मागे, मग जरा ऐकू जाईल असं. फोटोग्राफरांच्या ज्या क्लबात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे, तिथे ते यायचे बंद झाले. प्रत्येक बातमी झुंबर मालेगावहून फोन करून शैलाला विचारायचा आणि ऐकून समाधानाने "हां" म्हणायचा.

मग एप्रिलच्या एका दुपारी दाराची बेल वाजली. नलिनी एकटीच उभी होती, जिना चढून धापा टाकत. शैलाने तिला आत घेतलं, पाणी दिलं. सुमनबाई समोर येऊन बसल्या.

"फोटो मिळाला," नलिनी म्हणाली. "त्यांनी फाडायला घेतला होता. मी काढून घेतला हातातून. माझ्या कपाटात आहे." पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांत धरला होता. "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, ती मुलगी चोर वाटली नाही मला. मीच त्यांना गप्प बसवायची." ती थांबली. "मी तेव्हा दारात काय बोलले होते, ते तुला आठवत असेल."

"आठवतं."

"ते..." नलिनी अडखळली.

"म्हणा," सुमनबाई म्हणाल्या. "आलाच आहात तर म्हणून टाका. आम्ही ऐकतोय."

नलिनीने पेला खाली ठेवला. "वाईट बोलले मी. तुमच्या माणसांना उद्देशून बोलले. चुकलं माझं."

"हो, चुकलं," सुमनबाई म्हणाल्या. 'असू द्या', 'झालं गेलं' असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. शैलाही म्हणाली नाही.

थोड्या वेळाने नलिनीने कॅमेरा पाहायला मागितला. शैलाने तो आणून दिला. तिने त्याला डोळा लावला, खिडकीकडे रिंग फिरवून पाहिली आणि मग परत शैलाच्या हातात ठेवला. "तुझ्याकडेच राहू दे. आमच्या घरात बाबांची वस्तू सुखाने राहिली नसती." मग जरा घुटमळून म्हणाली, "ते खाली आहेत. गाडीत बसलेत. तुमची माफी मागायचीय म्हणतात. वर बोलावू का?"

शैलाने गॅलरीतून खाली पाहिलं. पांढरी गाडी उन्हात उभी होती. झाडाची सावली केव्हाच सरकून पलीकडच्या भिंतीवर गेली होती. काचेमागे रुमालाने मान पुसणारे पाठक दिसत होते. त्यांनी वर पाहिलं. शैला बाजूला झाली नाही. त्यांना आपण नीट दिसू एवढा वेळ ती तिथे उभी राहिली.

"बोलाव की," आई आतून म्हणाली. "इथं उभा करू त्याला, हात जोडून."

"नको," शैला म्हणाली. "मी माफी मागितली, तुम्ही सोडून दिलंत, असा त्याचा हिशोब व्हायला नको. त्याला वर यायचंय ना? नाही यायचं. राहू दे खाली."

नलिनीने तिच्याकडे पाहिलं. शैलाला वाटलं, आता ही उठेल, पर्स घेईल. उन्हात ताटकळलेला म्हातारा नवरा, कितीही झालं तरी. पण नलिनीने खुर्ची पंख्याखाली ओढली आणि नीट टेकून बसली.

सुमनबाईंनी चहा टाकला. आलं किसून घातलं, दूध जास्त घातलं. नलिनीने तो सावकाश प्यायला, मालेगावचे ते गृहस्थ आता काय करतात ते विचारलं, शैलाने सांगितलेली पंक्चरवाल्याच्या ट्यूबची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. खाली गाडीचा हॉर्न एकदा वाजला, हळूच. मग पुन्हा, जरा लांब.

नलिनीने रिकामा कप सुमनबाईंच्या पुढे केला.

"अजून अर्धा मिळेल का?" ती म्हणाली. "घाई नाही मला."